शिध्यातली रम आणि खिशातला फोन

युद्धातून परतलेल्या सैनिकाच्या मनावरचा आघात आणि त्याचे मद्यपान या दोन गोष्टी एकाच माणसाच्या एकाच रात्री हातात हात घालून येत असल्या, तरी सैन्यांनी, रुग्णालयांनी आणि निवृत्तिवेतन कार्यालयांनी त्यांची नोंद जवळजवळ शंभर वर्षे वेगवेगळ्या वह्यांत केली. आघाताची नोंद पुष्कळ हुज्जत झाल्यावर आजारांच्या वहीत पडली. मद्यपानाची मात्र बेशिस्तीच्या वहीतच राहिली. गेल्या दीड दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये माजी सैनिकांसाठी तयार झालेल्या मोबाइल ॲपांचा इतिहास बहुधा तंत्रज्ञानाच्या प्रगतीची कथा म्हणून सांगितला जातो. त्याचे खरे महत्त्व या दोन वह्या एकत्र शिवण्याच्या खटपटीत आहे, आणि ती खटपट समजून घ्यायची तर स्मार्टफोनच्या बरेच मागे, शिध्यात मोजून मिळणाऱ्या रमपर्यंत जावे लागते.

सैनिकाच्या हाती पहिला पेला त्याच्या सरकारनेच दिला, ही गोष्ट या इतिहासात वारंवार विसरली जाते. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोजची रम मिळत असे. १७४० मध्ये ॲडमिरल व्हर्नन याने ती पाण्यात मिसळून देण्याचा हुकूम काढला, पण बंद केली नाही, आणि ती प्रथा थेट ३१ जुलै १९७० रोजी, म्हणजे माणूस चंद्रावर पोहोचून वर्ष उलटल्यावर संपली. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवरच्या खंदकांत रम येत असे ती एक गॅलनच्या दगडी बरण्यांतून. या बरण्यांचा रंग खाली फिकट आणि गळ्याशी तपकिरी असे, त्यांवर एस. आर. डी. ही तीन अक्षरे उमटवलेली असत, आणि एका बरणीत चौसष्ट माणसांचा वाटा निघे, म्हणजे प्रत्येकी सुमारे सत्तर मिलिलिटर. शत्रूचा हल्ला पहाटे होण्याचा संभव सर्वांत जास्त, म्हणून त्या वेळी सर्वांनी शस्त्रे घेऊन खंदकाच्या कडेला सज्ज राहायचे, ज्याला ‘स्टँड टू’ म्हणत, आणि धोका टळला की ‘स्टँड डाउन’चा हुकूम होई. त्या सुमारास बरणी उघडे आणि अधिकाऱ्याच्या देखत प्रत्येकाने आपला वाटा तिथल्या तिथे प्यायचा असा दंडक असे, जेणेकरून कोणी तो साठवून ठेवू नये. भीती, थंडी आणि झोपेचा अभाव यांवरचे औषध म्हणून दारू ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने, वरिष्ठांच्या नजरेखाली घ्यायला ज्या माणसाला शिकवले गेले, तो घरी परतल्यावर तेच औषध स्वतःच्या मापाने घेऊ लागला, तर त्यात त्याचा एकट्याचा दोष शोधणे न्यायाचे नाही. १९२० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश सरकारने खंदकांतील मनोविकारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे एका वैद्यकीय अधिकाऱ्याने रमच्या वाट्याशिवाय युद्ध जिंकता आले नसते, अशा आशयाची साक्ष दिली होती. त्या वाट्याचे पुढे, शांततेच्या काळात, काय झाले हा प्रश्न मात्र फारसा पुढे आला नाही.

सैनिकी जीवनातील मनाची पडझड आणि दारू यांचे नाते खंदकांपूर्वीचे आहे, आणि त्याची एक खूण इंग्रजी भाषेत महाराष्ट्रातील एका गावाच्या नावाने कायमची राहिली आहे. नाशिकजवळच्या देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याची छावणी उभी राहिली. हिंदुस्थानातील नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे थांबत, आणि सैनिक नेणारी जहाजे हिवाळ्याच्या मोसमातच सुटत असल्याने ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडावर संपे त्याला महिनोन्‌महिने तेथे काढावे लागत. कवायत नाही, काम नाही, परतीची तारीख नाही अशा अवस्थेत पुष्कळ जण पिण्याच्या, भांडणतंट्याच्या आणि तुरुंगाच्या वाटेला लागत, काहींची बुद्धी भ्रमिष्ट होई, आणि अशा माणसाला ‘डूलॅली टॅप’ झाला असे त्याचे सोबती म्हणत. यातील ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली, आणि ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. फ्रँक रिचर्ड्‌स या जुन्या ब्रिटिश शिपायाने १९३६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या हिंदुस्थानातील आठवणींच्या पुस्तकात या छावणीतल्या रिकाम्या दिवसांचे वर्णन केले आहे. लढाई संपल्यानंतरचा, कोणतेही कर्तव्य नसलेला वेळ सैनिकाला लढाईइतकाच महाग पडू शकतो, हे तिथल्या शिपायांनी कोणत्याही वैद्यकीय परिभाषेविना ओळखले होते, आणि त्यांच्या या शब्दात मनाचा ज्वर व दारूचा अंमल यांची फारकत केलेली नव्हती.

ती फारकत कागदोपत्री झाली, आणि तिची सुरुवात ‘शेल शॉक’ या शब्दापासून सांगता येते. तोफगोळ्याच्या स्फोटाजवळ सापडलेल्या शिपायांच्या दृष्टी, स्मृती व वाचेतील बिघाडांविषयी चार्ल्स मायर्स या मानसशास्त्रज्ञाने फेब्रुवारी १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला आणि हा शब्द वैद्यकाच्या छापील भाषेत आला. लवकरच सैन्याने रुग्णांची दोन खाती पाडली. शत्रूच्या माऱ्यामुळे कोसळलेल्याच्या नावापुढे ‘जखमी’ दर्शवणारे अक्षर लागे व त्याला जखमेचा मान आणि निवृत्तिवेतनाचा आधार मिळे, तर ज्याच्याजवळ गोळा फुटल्याचा पुरावा नसे त्याच्यापुढे ‘आजारी’ दर्शवणारे अक्षर लागे व त्याच्या वाट्याला संशय येई. १९१७ मध्ये तर हा शब्दच वापरू नये असा आदेश निघाला आणि कागदावर ‘अद्याप निदान न झालेला, मज्जाविषयक’ अशा अर्थाची चार अक्षरे लिहिली जाऊ लागली. युद्धाच्या चार वर्षांत ब्रिटिश सैन्यात अशा रुग्णांची संख्या सुमारे ८०,००० पर्यंत गेली. त्याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा व तत्सम आरोपांखाली ज्या ३०६ जणांना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या, त्यांना ब्रिटिश संसदेने क्षमा दिली ती २००६ साली.

उपचारांच्या बाजूने पाहता या काळाने दोन ठेवी मागे ठेवल्या. एडिंबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट येथील अधिकाऱ्यांच्या रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स रुग्णांना आठवणी दडपायला न लावता त्या बोलून दाखवायला उत्तेजन देत असत. हेच रिव्हर्स त्यापूर्वी निलगिरीतील तोडा लोकांमध्ये राहून त्यांच्यावर मोठा ग्रंथ लिहून गेलेले मानववंशशास्त्रज्ञ होते, आणि अनोळखी माणसाचे म्हणणे त्याच्या कलाने ऐकून घेण्याची त्यांची सवय तेथेही घडली असावी असे मानायला जागा आहे. दुसरी ठेव आघाडीवरच्या वैद्यकाची होती. कोसळलेल्या शिपायाला दूरच्या रुग्णालयात पाठवण्याऐवजी आघाडीजवळच, लगेच, आणि तो बरा होणार असे गृहीत धरून उपचार द्यावेत, ही पद्धत फ्रेंच व ब्रिटिश डॉक्टरांच्या अनुभवातून आली आणि अमेरिकेच्या टॉमस सॅमन यांनी ती आपल्या सैन्यासाठी बांधून काढली. पुढे ती सान्निध्य, तत्परता आणि अपेक्षा या तीन तत्त्वांच्या नावाने ओळखली गेली. तिचा हेतू माणूस बरा करण्याइतकाच तो पुन्हा खंदकात उभा करण्याचा होता, ही तिची काळी बाजू दृष्टिआड करता येत नाही. तरीही मदत जेथे त्रास होतो तेथे आणि जेव्हा होतो तेव्हा पोहोचली पाहिजे, हा तिच्यातला विचार शंभर वर्षांनी फोनच्या पडद्यावर पुन्हा भेटतो.

युद्ध संपले तशी आघाडीवरची ही तत्परता नागरी जीवनात कोणी आणली नाही. १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये मनोरुग्ण झालेल्या माजी सैनिकांसाठी एक कल्याणकारी संस्था स्थापन झाली, जी पुढे ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ या नावाने ओळखली जाऊ लागली आणि आजही काम करते. तिच्याकडे येणाऱ्या माणसांविषयी पुढे झालेल्या अभ्यासांत, सैन्य सोडल्यापासून मदतीचा दरवाजा ठोठावेपर्यंत सरासरी दहा वर्षांहून अधिक काळ लोटलेला असतो असे दिसून आले. या दहा वर्षांत माणसाजवळ काय होते याचे उत्तर बहुतेक घरांतल्या बायकामुलांना ठाऊक असते.

दारूच्या बाजूची मदत दुसऱ्याच दिशेने आली, आणि तिचा आरंभ एका टेलिफोनपाशी आहे. बिल विल्सन हे पहिल्या महायुद्धातील अमेरिकी तोफखान्याचे अधिकारी होते. दारूशी त्यांची पहिली गाठ १९१७ मध्ये न्यू बेडफर्ड येथे, युद्धाच्या तयारीच्या दिवसांत पडली होती. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन शहरी गेले असता व्यवहार फिसकटला, खिसा रिकामा झाला, आणि उतरलेल्या हॉटेलच्या दालनात एका बाजूला मद्यगृह व दुसऱ्या बाजूला टेलिफोन अशी त्यांची स्थिती झाली. काही महिने दारूपासून दूर राहिलेल्या विल्सन यांनी टेलिफोन उचलला, तेथे लावलेल्या चर्चच्या यादीतील एका धर्मगुरूला फोन केला आणि बोलायला दुसरा एखादा दारुडा मिळेल का, असे विचारले. त्या फोनामधून त्यांची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी भेट घडली आणि १० जून १९३५ हा दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीचा स्थापनादिन ठरला. नाव न सांगता येणे, समदुःखी माणसाशी बोलणे आणि तलफ आलेल्या घटकेला हाक मारता येणे, या तिन्ही गोष्टी या चळवळीच्या पायात आहेत. तलफ म्हणजे दारूची अनावर ओढ. ती बहुधा काही मिनिटांत चढते व न पुरवल्यास ओसरते, पण तेवढी मिनिटे काढणे हेच अवघड असते. मात्र ज्या दृश्यांपासून पळण्यासाठी बाटली उघडली जात होती, त्या दृश्यांवर या चळवळीकडे स्वतंत्र उपाय नव्हता.

दोन्ही प्रवाह व्हिएतनामच्या युद्धानंतर अमेरिकेत समोरासमोर आले. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये युद्धविरोधी माजी सैनिकांनी रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शातान या मनोविकारतज्ज्ञांच्या साथीने मोकळ्या गप्पांचे गट सुरू केले, आणि तेथे बोलल्या गेलेल्या अनुभवांचा रेटा १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणात ‘आघातोत्तर ताणविकार’ हे निदान समाविष्ट होण्यास कारणीभूत ठरला. जीवघेण्या प्रसंगाच्या आठवणी नको असताना उसळून येणे, त्यांची आठवण देणाऱ्या माणसांपासून व जागांपासून दूर पळणे, भावना बधिर होणे आणि शरीर सतत पहाऱ्यावर असल्यासारखे ताठ राहणे ही या विकाराची लक्षणे होत. पीटीएसडी हे त्याचे संक्षिप्त नाव आता मराठीतही रुळले आहे. अमेरिकी काँग्रेसच्या आदेशाने झालेल्या राष्ट्रीय पाहणीत, व्हिएतनाममध्ये गेलेल्या पुरुषांपैकी सुमारे १५ टक्क्यांना पाहणीच्या वेळी, म्हणजे युद्ध संपून दहा-बारा वर्षे उलटल्यावरही, हा विकार होता आणि सुमारे ३० टक्क्यांना तो आयुष्यात केव्हातरी झाला होता. ज्यांना तो झाला होता अशा चारांपैकी जवळजवळ तिघांमध्ये मद्यपानाचा विकारही आयुष्यात केव्हातरी आढळला. इतका उघड पुरावा हाती असूनही १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, दारूतून सावरलेल्या दोन माजी सैनिकांच्या शिक्षणसवलतींच्या दाव्यात, चार विरुद्ध तीन मतांनी सरकारी नियम ग्राह्य धरला. त्या नियमानुसार मानसिक आजारातून आलेले मद्यपान तेवढे आजार मानले जाई, आणि बाकीचे सारे ‘बुद्ध्या केलेले गैरवर्तन’ ठरे. माणसाच्या दहा-पंधरा वर्षांच्या उद्ध्वस्त रात्रींपैकी कोणती रात्र आजारातून आली व कोणती गैरवर्तनातून, हे त्यानेच सिद्ध करायचे होते.

रुग्णालयांतील रीतही याहून फार वेगळी नव्हती. आघातावर उपचार करणारा विभाग म्हणे, आधी दारू सोडून या. व्यसनमुक्तीचा विभाग म्हणे, आधी दारू सुटू दे, मग युद्धाचे बोलू. हे का चालत नाही, हे समजण्यासाठी त्या रात्रीचा क्रम पाहावा लागतो. दुःस्वप्नांच्या भीतीने माणूस झोपायला धजत नाही, म्हणून पितो. दारूने झोप लवकर लागते आणि रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची अवस्था दबली जाते. दारूचा अंमल उतरू लागला की हीच अवस्था उत्तररात्री दुप्पट जोराने उसळते, झोप तुटते, छाती धडधडते, आणि दुसऱ्या संध्याकाळी पेला थोडा मोठा होतो. अशा माणसाची दारू आधी काढून घेतली तर त्याच्या हाती फक्त दुःस्वप्ने उरतात. मनातील असह्य वेदनेवर स्वतःच औषध करण्याचा प्रयत्न म्हणून व्यसनाकडे पाहावे, हा विचार एडवर्ड खान्तझियान यांनी १९८५ मध्ये मांडला होता. १९९० च्या दशकात लिसा नजाविट्‌स यांनी ‘सीकिंग सेफ्टी’ नावाची, आघात आणि व्यसन या दोहोंना एकाच बैठकीत हात घालणारी उपचारपद्धती विकसित केली. पण बैठकीला यावे लागते, आणि खरी अडचण तेथेच होती.

इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची जी मोठी पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात मानसिक विकाराच्या कसोटीत बसणाऱ्यांपैकी केवळ २३ ते ४० टक्क्यांनीच मदत घेतली होती. आपण दुबळे समजले जाऊ, वरिष्ठांचा आपल्याकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलेल, ही भीती बाकीच्यांच्या उत्तरांत वरच्या स्थानी होती. ब्रिटनमध्ये किंग्ज कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २००७ मध्ये सैन्यातील मद्यपानाचे मोजमाप केले. त्यासाठी त्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी वापरली, जिच्यात ८ किंवा अधिक गुण आले तर पिणे धोक्याच्या पातळीवर आहे असे समजतात. सैन्यातील ६७ टक्के पुरुष आणि ४९ टक्के स्त्रिया या रेषेच्या वर होत्या. सर्वसाधारण लोकसंख्येत हेच प्रमाण अनुक्रमे ३८ आणि १६ टक्के होते. यांतील बहुतेकांना आपले पिणे इतर फौजींसारखेच वाटत असणार, आणि ते खरेही होते. त्याच वर्षी अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाने संकटसमयी फोन करण्याची चोवीस तासांची सेवा सुरू केली, जिला पुढे लेखी संभाषणाची व संदेशांची जोड मिळाली. ॲक्रनच्या हॉटेलातला टेलिफोन आता सरकारी झाला होता.

स्मार्टफोनसाठीची ॲपची दुकाने २००८ मध्ये उघडली, आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचे राष्ट्रीय पीटीएसडी केंद्र व संरक्षण खात्याचे दूरआरोग्य केंद्र यांनी मिळून ‘पीटीएसडी कोच’ हे विनामूल्य ॲप प्रसिद्ध केले. त्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. उघडताना नाव विचारले जात नाही, खाते काढावे लागत नाही. विकाराची माहिती, स्वतःची चाचणी, लक्षणांशी सामना आणि मदतीचे पत्ते असे चार भाग असतात. त्यांतील तिसऱ्यात गेले की झोप लागत नाही, राग आला आहे, जुनी आठवण उसळली आहे, अशा साध्या शब्दांतल्या तक्रारींतून एक निवडायची. मग पडद्यावर थर्मामीटरसारखी एक पट्टी येते. या क्षणी किती अस्वस्थ वाटते ते बोटाने ओढून दाखवायचे आणि त्यानंतर एक उपाय समोर येतो: संथ श्वासाची मोजणी, स्नायू आळीपाळीने ताणून सैल करणे, किंवा आसपासच्या वस्तू नावे घेऊन न्याहाळणे, ज्यामुळे मन आठवणीतल्या ठिकाणाहून प्रत्यक्ष खोलीत परत येते. उपाय संपला की पट्टी पुन्हा विचारली जाते. फरक नसेल तर दुसरा उपाय पुढे येतो. रुग्णाला आपल्या माणसांची छायाचित्रे आणि आवडीची गाणी आधीच भरून ठेवता येतात, म्हणजे रात्री दोन वाजता शोधाशोध करावी लागत नाही. सॅमन यांच्या सान्निध्य आणि तत्परता या दोन तत्त्वांना आघाडीवरचा तंबू लागत होता. येथे ती उशीजवळ आली, आणि माणसाला परत लढायला पाठवण्याचा हेतू गळून पडला. ऑस्ट्रेलिया व कॅनडाने लवकरच आपापल्या आवृत्त्या काढल्या.

तरी पीटीएसडी कोच ही मुख्यतः आघाताचीच वही होती. दोन्ही वह्या एकत्र शिवण्याचे श्रेय ‘व्हेटचेंज’ या कार्यक्रमाला द्यावे लागेल. बॉस्टनमधील संशोधकांनी तो प्रथम संकेतस्थळाच्या रूपात, आठ टप्प्यांत बेतला, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या चाचणीत इराक-अफगाणिस्तानातून आलेले ६०० माजी सैनिक होते. त्यांना रुग्णालयाच्या रांगेतून न निवडता फेसबुकवरील जाहिरातींतून बोलावले होते, कारण जे रांगेत कधीच उभे राहत नाहीत त्यांच्यापर्यंत पोहोचणे हाच हेतू होता. दारू पूर्ण सोडायची की कमी करायची हे माणसाने स्वतः ठरवायचे, आणि मग आपण केव्हा पितो, म्हणजे राग आल्यावर, झोप न लागल्यावर की फटाक्यांचा आवाज ऐकल्यावर, याचा माग काढायचा, अशी त्याची वाट होती. ज्यांना कार्यक्रम लगेच मिळाला त्यांचे पिणे वाट पाहणाऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले आणि त्याबरोबर आघाताची लक्षणेही कमी झाली. पुढे हा कार्यक्रम मोबाइल ॲप म्हणून उपलब्ध झाला. १९८८ च्या न्यायालयाने ज्या दोन गोष्टी वेगळ्या तोलल्या होत्या त्या येथे एकाच पानावर, एकमेकींची कारणे म्हणून लिहिल्या गेल्या, ही या छोट्या कार्यक्रमाची थोरवी आहे.

तलफेच्या घटकेवर नेम धरणारे काम विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड गुस्टॅफसन यांच्या गटाने केले. ‘ए-चेस’ नावाचे त्यांचे ॲप निवासी उपचार संपवून घरी जाणाऱ्या मद्यासक्त रुग्णांसाठी होते. त्यात धोक्याच्या क्षणी दाबायचे एक बटण होते, आणि रुग्णाने संमती दिली असल्यास तो आपल्या जुन्या गुत्त्याजवळ पोहोचताच फोन त्याला सावध करी. ३४९ रुग्णांच्या चाचणीत ॲप मिळालेल्यांचे महिन्यातील धोकादायक मद्यपानाचे दिवस सरासरी १.३९ होते, न मिळालेल्यांचे २.७५. ही चाचणी खास माजी सैनिकांची नव्हती, पण नंतरच्या सैनिकी ॲपांच्या विचारावर तिची छाया आहे.

ब्रिटनमध्ये किंग्ज कॉलेज, लिव्हरपूल विद्यापीठ आणि कॉम्बॅट स्ट्रेस यांनी मिळून जे ॲप घडवले त्याचे अखेरचे नाव ‘ड्रिंक्स रॅशन’, म्हणजे शब्दशः पेयांचा शिधा. ज्या शब्दाने दोनशेहून अधिक वर्षे सैनिकाच्या हाती रम ठेवली, तोच शब्द आता ती मोजण्यासाठी आणि कमी करण्यासाठी वापरला गेला. रोजच्या पेयांची नोंद, त्यांवर झालेला खर्च, इतर माजी सैनिकांच्या तुलनेत आपण कोठे आहोत याचे चित्र, आणि माणसाने स्वतः ठरवलेल्या ध्येयाची त्याच्याच नावाने येणारी आठवण, असा अठ्ठावीस दिवसांचा क्रम त्यात आहे. मानसिक त्रासासाठी मदत मागितलेल्या १२३ माजी सैनिकांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटनमध्ये मद्य युनिटांत मोजतात. एक युनिट म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क, आणि आठवड्याला १४ युनिटांच्या आत राहावे असा तेथील सरकारी सल्ला आहे. पूर्ण ॲप वापरणाऱ्या गटाचे पिणे बारा आठवड्यांनंतर आठवड्याला सुमारे २८ युनिटांनी उतरले, तर केवळ सर्वसाधारण सूचना मिळालेल्या गटाचे सुमारे १० युनिटांनी. भारतीय मापात सांगायचे तर २८ युनिटे म्हणजे रमच्या पाऊण लिटरच्या बाटलीपेक्षा, ज्याला बोलीत खंबा म्हणतात तिच्यापेक्षा, थोडेसेच कमी. आठवड्याला एवढी दारू एखाद्या घरातून कमी होणे म्हणजे काय, हे त्या घरातल्यांना आकड्यांवाचून कळते.

या यशाची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे नोंदवायला हवी. मानसिक आरोग्याच्या ॲपांच्या प्रत्यक्ष वापराच्या २०१९ मधील एका अभ्यासात, ॲप उतरवून घेतल्यावर पंधराव्या दिवशी ते उघडणारे जेमतेम ४ टक्के उरतात असे आढळले. पीटीएसडी कोचच्या १२० जणांवरील चाचणीत वापरणाऱ्यांची लक्षणे वाट पाहणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली, तरी चाचणीअखेर दोन्ही गटांच्या सरासरीत ठाम अंतर पडले नाही. शिवाय गुत्त्याजवळ जाताच वाजणारा फोन माणसाचा ठावठिकाणा जाणतो, आणि सैन्यात ज्याने आपले दुखणे वरिष्ठांपासून लपवले त्याला हे जाणतेपण सहज सोसवत नाही. पीटीएसडी कोचने नाव न विचारण्याचा जो संयम दाखवला त्याचे मोल येथे कळते. या उणिवांवर सर्वांत समंजस उत्तर कॅलिफोर्नियातील माजी सैनिक रुग्णालयांच्या संशोधकांनी शोधले. ‘स्टँड डाउन’ हे त्यांचे ॲप माजी सैनिकाला दिल्यानंतर स्वतः व्यसनातून वा मानसिक आजारातून सावरलेला दुसरा माजी सैनिक त्याला ठरावीक काळाने फोन करतो, ॲपमधली नोंद दोघे मिळून पाहतात, आणि अडले तेथे बोलतात. पहाटेच्या खंदकात ज्या हुकुमानंतर रमची बरणी उघडे, त्याच हुकुमाचे नाव घेऊन एक शिपाई दुसऱ्याला पेला खाली ठेवायला सांगतो, आणि विल्सन यांनी १९३५ मध्ये मागितलेला समदुःखी माणूस फोनच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा हजर होतो.

भारतात हा इतिहास अजून आरंभाच्या पानांवर आहे. माजी सैनिकाला कँटीनच्या कार्डावर दरमहा ठरलेला मद्याचा कोटा मिळतो, आणि सातारा-कोल्हापूरकडच्या ज्या गावांत घरटी एक माणूस फौजेत असतो तेथे कँटीनची बाटली पाहुणचाराचा, उसनवारीचा आणि काही घरांत रोजच्या संध्याकाळचा भाग असते. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेलि-मानस’ ही १४४१६ या क्रमांकाची मानसिक आरोग्याची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली, दोन वर्षांनी तिचे मोबाइल ॲप आले, आणि मधल्या काळात, १ डिसेंबर २०२३ रोजी, सैन्यदलांतील माणसे व त्यांचे कुटुंबीय यांच्यासाठी तिचा स्वतंत्र कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात उघडला गेला. सैनिकी जीवनातील ताणांची जाण असलेला माणूस फोन उचलणारा असावा, ही गरज त्या कक्षाच्या स्थापनेमागे होती. ज्या देवळालीत मायदेशी जाण्याची वाट पाहणाऱ्या शिपायांचा ‘ताप’ इंग्रजी भाषेत गेला, तेथून हा कक्ष सुमारे दोनशे किलोमीटरवर आहे, आणि देवळालीत आजही तोफखान्याचे प्रशिक्षण केंद्र आहे.